पिशव्या सांभाळणारी माणसे

हैदराबादेतल्या मराठी घराला मे महिन्यात दोन गोष्टी चुकत नाहीत: ऊन आणि नांदेड-लातूरकडचे पाहुणे. १९९६ साली विजयवाडा रस्त्यावर रामोजी फिल्म सिटी उभी राहिली आणि पाहुण्यांना ती दाखवणे ही तिसरी गोष्ट झाली.

या फेऱ्यांत एक गोष्ट ध्यानात आली. पाळण्यांपाशी पोचताच कुटुंबाचे तीन तुकडे पडतात. उंचीच्या खुणेला डोके टेकलेली मुले रांगेत जातात, न टेकलेली रडू लागतात, आणि आई, आत्या, गुडघे धरलेले काका बाकावर बसून पिशव्या नि चपला राखतात. तिकीट मात्र प्रत्येकाचे काढलेले असते.

तीच मंडळी फिल्म सिटीच्या बसमध्ये बसली की पुन्हा एक होतात. १६६६ एकरांच्या त्या पसाऱ्यात चित्रीकरणासाठी बांधलेले रेल्वे स्टेशनही आहे. गाईड तेलुगू-हिंदीत सांगत जातो. एरवी घरात अर्धे तेलुगू बोलणारा माझा मुलगा आजीसाठी मराठी शब्द शोधतो.

"आजी, हे स्टेशन खोटं आहे. इथून गाडी कुठेच जात नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, "म्हणजे इथून कुणी दूर जायचं नाही."

आता आम्ही बस आधी आणि पाळणे मागून ठेवतो. पिशव्यांपाशी बसायची पाळीही लावतो, अर्ध्या अर्ध्या तासाची. तेवढा वेळ आई मोकळी असते. ती मुलांबरोबर रांगेतही उभी राहते. पाळण्यात बसायला नव्हे, गप्पा मारायला.