ज्या तालुक्याचे पाणी आपण पितो

मुंबईत फजरच्या वेळी नळ सोडल्यावर वुजूसाठी जे पाणी हातावर येते, ते बहुधा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडून आलेले असते. शहराला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव मुंबईतच आहेत, ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यात आहे. बाकीचे चार, म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा, शहापूर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांत आहेत. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे असते. आम्ही कुर्ल्याचे लोक. तीन पिढ्या हे पाणी पीत आलो, पण ते येते कुठून हे बघायला कधी गेलो नव्हतो. २०२४च्या मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली आणि घरातले पाच जण निघालो.

शहापूरला जायचे तर कसारा लोकलने आसनगावला उतरावे लागते. स्टेशनातूनच माहुलीचे सुळके दिसतात. लोक हा किल्ला शहाजीराजे आणि बाल शिवाजी यांच्यामुळे ओळखतात आणि ते बरोबरच आहे, पण अहमदनगरची निजामशाहीही इथेच संपली. मलिक अंबर १६२६ साली गेले. शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून ते राज्य तगवायचा प्रयत्न केला. शेवटी १६३६ साली मोगल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजांनी माहुलीला वेढा घातला आणि तो मुलगा मोगलांच्या हवाली करावा लागला. मुलांना हे सांगत होतो, तर धाकटीने विचारले, मग त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याला मोगलांनी कैदेत ठेवले, एवढे सांगून आम्ही रिक्षा शोधायला लागलो.

राजे बदलले तरी इथल्या डोंगरातल्या माणसाचे जगणे त्यामानाने कमी बदलत असे. ते मुळापासून हलवले इंग्रजी अमलाने. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली. रेल्वेला लाकूड हवे होते आणि वाढत्या मुंबईला लाकूड, कोळसा, गवत सगळेच हवे होते. १८७८च्या जंगल कायद्याने रान सरकारचे झाले. इथला शेतकरी भाताचे रोप टाकण्याआधी झाडांच्या डहाळ्या आणि पाला शेतात पसरून जाळतो, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी डहाळी तोडणे हा बापजाद्यांचा हक्क होता, आता तो गुन्हा ठरू लागला. ओरड इतकी झाली की ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. या व्यापारात कल्याण-भिवंडीची कोकणी मुसलमान घराणीही होती. आपल्या घरांत जुन्या सागवानी दरवाजांचे कौतुक होते, तेव्हा ते साग कुठल्या रानातले आणि कोणाच्या हातांनी तोडलेले, हेही विचारायला हवे.

१८९२ हे साल मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी तानसा धरणाचे पाणी मुंबईला सुरू झाले आणि त्याच वर्षी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला. मोहाची फुले गोळा करून घरात ठेवणे हाच गुन्हा झाला. आपल्यापैकी कोणी म्हणेल, दारू हरामच आहे, मग कायदा वाईट कसा? पण सरकारने दारू बंद केली नव्हती. गावठी भट्ट्या मोडून सरकारमान्य दुकाने मक्त्याने दिली होती, त्यातून महसूल येत होता, आणि फुकटच्या फुलामुळे तो बुडू नये एवढीच काळजी होती. मोहाचे फूल वाळवून, शिजवून खातात. भात संपल्यावर ठाकूर आणि कातकरी घरांना उन्हाळ्यात त्याचा आधार असे. दारूवाल्याचे दुकान चालू राहिले आणि गरिबाची टोपली जप्त झाली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरचे नियंत्रण राहिले. हे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ साली.

दुसऱ्या दिवशी आटगावहून तानसाच्या वाटेला लागलो. धरणावर परवानगीशिवाय जाता येत नाही, पण आम्हाला पाहायचे होते ते रस्त्यालगतच दिसले. माणसाहून उंच अशा लोखंडी जलवाहिन्या झाडीतून, ओढ्यांवरून सरळ मुंबईकडे गेल्या आहेत. एका ठिकाणी झडपेतून थेंब थेंब पाणी गळत होते. त्याखाली हंडे, कळशा आणि प्लास्टिकचे डबे रांगेत मांडलेले. भरत आलेला हंडा बाजूला घेऊन पुढचा सरकवायचा, असे चार बायकांचे दुपारपर्यंतचे काम. त्यांच्या पाड्यावरची विहीर एप्रिलमध्येच आटली होती. टँकर येतो, पण रोज येत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे आम्ही वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचले होते की त्याचा अर्थच पुसट झाला होता. तिथे उभे राहिल्यावर अम्मी काही वेळ बोलल्याच नाहीत. एका मावशीने त्यांना विचारले, “तुमच्याकडे नळ किती वाजता येतो?” अम्मी म्हणाल्या, “पहाटे.” “आणि जातो किती वाजता?” अम्मींना वेळ सांगता येईना, कारण आमच्या इमारतीत टाकी आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्वांचा वाटा आहे असे सांगितल्याचे हदीसमध्ये येते. शहापूरच्या रानातून नेमक्या याच गोष्टी मुंबईला गेल्या आहेत, पाणी नळातून, गवत आणि सरपण गाड्यांतून. मदिनेत रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण मुलांना सांगतो. इथली अडचण जरा उलटी आहे. पाणी त्या पाड्याच्याच दारातले आहे आणि त्याचे खुले वापरकर्ते आपण आहोत.

स्वातंत्र्याने काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. कुळकायद्याने १९५७ साली कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट उघडली, जरी सगळ्यांनाच ती मिळाली नाही. शहापूरची विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने रानातल्या जमिनीवर दावा तरी करता येतो. शंभर वर्षांपूर्वी ज्याला जंगल खात्याच्या शिपायापुढे मान वर करता येत नव्हती, त्याचा नातू आज तहसील कार्यालयावर मोर्चा नेतो. पण पाण्याची दिशा बदलली नाही. मोडकसागर १९५७चा, भातसा ऐंशीच्या दशकातला, मध्य वैतरणा २०१४चे. तिन्ही स्वतंत्र भारतात बांधली गेली आणि मुंबईला पाणी देण्याचा तानसाचा नियम तिन्हींना लागू राहिला. तालुक्यातली ९७ गावे आणि २५९ पाडे यांच्यासाठी जी मोठी पाणीयोजना आखली गेली, तिचे पाणी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातून यायचे आहे. आम्ही गेलो तेव्हा तिचे काम चालूच होते.

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला गेलो. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणहून एसटी हाच आधार. गावाबाहेर औद्योगिक वसाहत आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरांत ‘फार्महाऊस प्लॉट’चे फलक. शेत विकून आलेल्या पैशांत घराला स्लॅब पडतो आणि मुलगा त्याच प्लॉटवर राखणदार म्हणून राहतो, हे एका दुकानदार चाचांनी सहज सांगावे तसे सांगितले. जोहरची नमाज आम्ही तिथेच अदा केली. नमाजनंतर बुजुर्गांनी बसवून घेतले आणि सिद्धगडचा विषय काढला.

सिद्धगड याच तालुक्यात आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी १९४२ साली आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. डोंगरावरून जाणारी वीज मुंबईच्या गिरण्या चालवत होती, म्हणून घाव तिथे घातला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात. बुजुर्ग म्हणाले, “मनोरे मुंबईकडे जाणारे आहेत, हे तेव्हा पोरांनी ओळखले होते.”

आता मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण घालण्याचे ठरले आहे, पाणी महानगर प्रदेशासाठी. जंगलाची परवानगी पुरी न घेता काम सुरू केल्याचा आक्षेप घेऊन गावकरी आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. प्रकल्प मात्र सोडलेला नाही. बुडणाऱ्या गावांतले लोक म्हणतात, शहापूरला जाऊन बघा आणि मग आम्हाला धरणाचे फायदे सांगा. आम्ही तेच बघून आलो होतो, त्यामुळे बोलण्यासारखे फार नव्हते.

परतताना शहापूरजवळ समृद्धी महामार्गाचे उंच खांब दिसले. १ ऑगस्ट २०२३ला सरळांबे गावाजवळ तिथला गर्डर उचलण्याचा सांगाडा कोसळून २० माणसे गेली. दूरदूरच्या राज्यांतून आलेले मजूर होते ते. आम्ही रिक्षा थांबवून त्यांच्यासाठी दुआ केली.

तुम्हाला जायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर बरा. माहुलीच्या पायथ्याशी आणि माळशेज घाटात धबधबे असतात, फक्त सुट्टीच्या दिवशी गर्दी टाळा आणि मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नका. मे महिन्यात गेलात तर पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या. पाड्यावर पाणी मागू नका. मागितलेत तर ते नाही म्हणणार नाहीत.