चिंचोके, चारआणे आणि चिप्स

गोष्ट २०२५ सालच्या दिवाळीनंतरची. रविवारची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत मिस्सावस्त्रांची घडी घालीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील तिघे तरुण दाराशी येऊन घुटमळू लागले. तरुण मंडळी असे घुटमळू लागली की एक तर कुणाचे लग्न तरी ठरलेले असते, नाही तर वर्गणी तरी हवी असते. या खेपेस तिसरेच निघाले.

"फादर, नाताळच्या सुट्टीत पत्त्यांची टुर्नामेंट घ्याव म्हणतो. पोकरची. पैसे नाही लावाचे. फक्त चिप्स पायजेत. स्वस्तातल्या कुठं भेटतीन?"

वाचकहो, चिप्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बटाट्याचे वेफर्स आले हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवले तेव्हा उलगडा झाला. रंगीबेरंगी, नाण्यासारख्या पण नाण्याहून जाड अशा चकत्या. डावात पैशाऐवजी त्या पुढे सरकवायच्या.

आमच्या वऱ्हाडाला पत्ते नवीन नाहीत. पोळ्याला आणि दिवाळीला गावोगावी फड बसतात. ‘एक्का-बादशहा’ आणि ‘मांगपत्ता’ ही नावे अकोला-अमरावतीच्या वर्तमानपत्रांत पोलिसांच्या धाडीच्या बातमीखाली किती वेळा वाचली असतील याची गणती नाही. पोकर मात्र या पोरांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेला. प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्ये उघडी पाच, आणि त्या सातांतून सर्वांत चांगली पाच जुळवायची. खेळ समजायला सोपा, पण आपली पाने वाईट असताना चेहरा शांत ठेवणे अवघड. कुमसार ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला ते थोडे जमते, असे मी त्यांना गमतीने म्हणालो.

हसणे तेवढ्यावरच थांबले, कारण त्या तिघांतला एक मान खाली घालून उभा होता. त्याची हकिकत मला ठाऊक होती. दर्यापूरकडच्या एका लहान शेतकऱ्याचा हा मुलगा अमरावतीत शिकायला राहिलेला. आदल्या वर्षी सोयाबीन विकून बापाने फी आणि खोलीभाड्यासाठी दिलेले चाळीस हजार रुपये त्याने मोबाइलवरच्या रमीत तीन आठवड्यांत घालवले. रात्री पांघरुणात डोके खुपसून तो खेळत असे. समोर भिडू नाही, पानांचा स्पर्श नाही, पैसा खिशातून निघताना दिसतही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा ते ॲप थांबले. पण गेलेले चाळीस हजार काही परत आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्याची आई एस.टी.ने आली. बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. बाकावर टेकली आणि पदर सावरीत म्हणाली, "काहून जी फादर, ज्या आगीनं हात पोयला, तिच्यातच पुन्हा हात घालाले लावता काय माह्या पोराले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘विचार करतो, बाई’ एवढेच म्हणालो.

त्या रात्री मला माझ्या आईचा चिंचोक्यांचा डबा आठवला. माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेत पॉइंट्समन होते. शकुंतला गाडी जिथून एकीकडे यवतमाळला व दुसरीकडे अचलपूरला जायची, तेच ते मूर्तिजापूर. पावसाळी संध्याकाळी घरात रमीचा डाव पडे. आई प्रत्येकाला तीस-तीस चिंचोके मोजून देई आणि डाव संपला की मोजून परत घेई. चिंचोका म्हणजे किती पैसे, असे आम्ही कधी विचारले नाही. चिंचोका म्हणजे चिंचोका. एका पगाराच्या रात्री मात्र वडील क्वार्टर्समागच्या फडावर बसले आणि निम्मा पगार तिथेच सोडून आले. आई काही बोलली नाही. सकाळी तिने डबा उघडला, सगळे चिंचोके तव्यावर भाजले आणि आम्हां भावंडांच्या ओंजळीत वाटून टाकले. आम्ही कुडुम कुडुम खात होतो आणि वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. आमच्या घरात त्यानंतर पत्ते निघाले ते मी नागपूरला सेमिनरीत गेल्यावरच, आणि तेही वडिलांनी नव्हे, धाकट्या बहिणीने आणलेले.

सेमिनरीत विरंगुळ्याच्या वेळी पत्ते चालत. केरळातून आलेले सोबती ‘अठ्ठावीस’ नावाचा खेळ खेळत. त्यात सत्तीखालची पाने खेळात नसतात. उरलेल्या छक्क्या गुणांचा हिशेब दाखवण्यासाठी मांडून ठेवायच्या. चिप्सचा खर्च शून्य! १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षेत यावर एक परिच्छेद आहे, २४१३ क्रमांकाचा. पत्त्यांचे खेळ किंवा पैजा मुळातच अन्यायाच्या नाहीत, परंतु त्यापायी स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे हिरावले जाऊ लागले की त्या नीतीच्या बाहेर जातात, आणि जुगाराची ओढ माणसाला दास करू शकते, असा त्याचा आशय. माझ्या आईने तो परिच्छेद वाचलेला नव्हता.

धर्मग्रामातील एका वकिलांना कायद्याचेही विचारले. आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि ‘फ्लश’सारखे तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचे म्हटले. पोकरविषयी न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ चा कौल एकीकडे, तर गुजरात उच्च न्यायालयाचा २०१७ चा दुसरीकडे. वकीलसाहेब म्हणाले, "फादर, या भानगडीत पडताच कशाला? प्रवेशशुल्क घेऊ नका, पैसा लावू देऊ नका, जिंकणाऱ्याला पैशाचे बक्षीस देऊ नका. पण लावलाच नाही तर जुगार कुठला?"

मग प्रश्न उरला तो चिप्सचा, आणि तिथेच मला खरी गंमत कळली.

पूर्वी एकदा गोव्याला तपसाधनेसाठी गेलो असताना मांडवीतली ती दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजे मी काठावरून पाहिली होती. तिथे शिरताच नोटा देऊन चिप्स घ्यायच्या असतात. पाचशेची नोट टेबलावर टाकताना हात थबकतो. चकती टाकताना थबकत नाही. नोटेवर गांधीजी आहेत, घामाचा वास आहे. चकतीला आठवणच नसते. चिप्सचा हा गुण कॅसिनोवाल्यांच्या कामाचा, आणि मोबाइलच्या रमीत तर ती चकतीही उरलेली नाही, नुसता आकडा. स्पर्धेत मात्र तीच चकती नेमके उलटे काम करू शकते. तिथे सर्वांना सारख्या चिप्स मिळतात, त्यांची किंमत फक्त त्या टेबलापुरती. संपल्या की माणूस बाद, आणि कुणी कुणाला काही देणे लागत नाही. म्हणजे आईच्या चिंचोक्याशी तिचे जवळचे नाते.

सर्वांत स्वस्त उपाय माझ्याच कपाटात होता. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले, पण आमच्या दानपेटीला त्याची खबर बरीच वर्षे नव्हती. बाजारात न चालणारे देवाला चालते, अशी काहींची श्रद्धा असावी! गेंड्याचे चित्र असलेली ती पोलादी चारआणे नाणी एका पत्र्याच्या डब्यात साठली होती. तीनशेहून अधिक भरली. मी हौसेने डबा त्या माउलीसमोर ठेवला. तिने एक नाणे उचलले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "पैसाच हाय ना जी हा. चालो का नाई चालो." डबा मी मुकाट्याने परत कपाटात ठेवला. शिवाय नाणे जेमतेम एकोणीस मिलिमीटरचे, वजन तीन ग्रॅमही नाही, आणि सगळी एकाच रंगाची. टेबलावर दूरून कुणाची रास किती हे कळायचे नाही. हे दुसरे कारण मला नंतर सुचले, पण पोरांना मी तेच आधी सांगितले.

कॅरमच्या सोंगट्या पाहिल्या. पाच-साडेपाच ग्रॅमची, हाताला बरी लागणारी वस्तू. पण एका संचात नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. तीनशे जमवायच्या तर सोळा संच हवेत. राजकमल चौकाजवळ खेळण्यांच्या दुकानात पातळ प्लॅस्टिकच्या टिकल्या मिळाल्या, शंभरांचे पाकीट दीडशे रुपयांना. त्या दोन ग्रॅमच्याही नसाव्यात. दहाची चवड रचली की अकरावी ठेवताना सारी घसरते आणि कुणी हसले तरी उडते.

पुढे अकोल्याला एका आजारी धर्मबंधूला भेटायला जाण्याचा योग आला. अमरावती-अकोला रस्त्याचा तो तुकडा २०२२ च्या जूनमध्ये, पंचाहत्तर किलोमीटर, एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत अखंड काम करून अंथरला आणि त्याची विश्वविक्रमात नोंद झाली. त्याआधी त्या रस्त्यावर आमच्या कमरांनीही काही विक्रम केले होते, त्यांची नोंद कुणी घेतली नाही. असो. अकोल्याच्या टिळक रोडवर एका दुकानदाराने आतल्या खोलीतून चक्क ॲल्युमिनियमची पेटी काढली. तीनशे चिप्स, प्रत्येकी साडेअकरा ग्रॅम, आत लोखंडी चकती घातलेल्या. बाराची चवड हातात घेतली की टकटक असा भारदस्त आवाज. दुकानदार म्हणाला, "फादर, हे अस्सल." किंमत साडेतीन हजार. माझ्याबरोबरच्या पोराचे डोळे लकाकले. मी एक चिप उचलून पाहिली, तर तिच्यावर डॉलरचे चिन्ह! दर्यापूरच्या सोयाबीनवाल्या पोराने डॉलर मोजायचे? आणि पेटीचे वजन साडेतीन किलोंवर. खाली मान घालून हिशेब करणाऱ्याला ती पेटीच सांगत राहील की आता मोठा खेळ खेळ.

शेवटी त्याच दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडलेला साध्या प्लॅस्टिकचा संच निघाला. मध्यम वजनाच्या, कडा खाचेच्या, एकमेकींत बसणाऱ्या चिप्स. त्यावर ना आकडा, ना चिन्ह. पांढऱ्या व लाल शंभर-शंभर, हिरव्या व काळ्या पन्नास-पन्नास. घासाघीस करून नऊशे रुपयांत मिळाला. आकडा नाही म्हणून दुकानदार शरमत होता. मला त्याच कारणाने तो आवडला. किंमत आपण ठरवायची आणि पुठ्ठ्यावर लिहून टेबलाशी टांगायची: पांढरी पंचवीस, लाल शंभर, हिरवी पाचशे, काळी हजार.

हिशेब त्या मान खाली घालणाऱ्या मुलानेच मांडला. प्रत्येकाला बारा पांढऱ्या, बारा लाल, पाच हिरव्या, सहा काळ्या. बेरीज बरोबर दहा हजार. आठ खेळाडूंना मिळून दोनशे ऐंशी चिप्स लागतात, म्हणजे एका संचात एक टेबल भागते. नावे सोळा आली होती. दुसरा संच घेण्याऐवजी दोन संध्याकाळी आठ-आठांनी खेळायचे आणि दोन्हींतले चार-चार अंतिम फेरीत घ्यायचे ठरले. नऊशे रुपये वाचले. दर वीस मिनिटांनी सक्तीची बोली वाढवायची, आणि पांढऱ्यांचे काम संपले की त्या काढून चार पांढऱ्यांमागे एक लाल द्यायची, म्हणजे टेबलावर पसारा राहत नाही. मेजावर घोंगडी आणि वर जुनी चादर अंथरली. गुळगुळीत मेजावर पत्ता नखाने उचलावा लागतो, घोंगडीवर तो अलगद येतो. आईची युक्ती.

तो मुलगा मात्र खेळला नाही. मीच त्याला विचारले होते, तो म्हणाला, "नाही फादर, मले अजून भरोसा नाही माह्यावर." म्हणून चिप्स देण्या-घेण्याचे काम त्याच्याकडे आले. नाताळनंतरच्या तीन संध्याकाळी तो वही घेऊन मेजाच्या टोकाशी बसला. पहिल्या संध्याकाळी त्याचे लक्ष पानांवरच होते. कुणाची बोली चुकली की त्याची बोटे वहीवर टकटक वाजत. मला भीती वाटली, आणि खरे सांगायचे तर मी चूक तर केली नाही ना, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

अंतिम फेरीला त्याची आई आली. मागच्या बाकावर बसून तिने डाव शेवटपर्यंत पाहिला. तिला त्यातले काही कळले असेल असे वाटत नाही. जिंकणाऱ्या मुलीला (हो, मुलगीच जिंकली, आणि शेवटच्या डावात तिच्याकडे जोडीसुद्धा नव्हती) एक नवा पत्त्यांचा कॅट आणि केक मिळाला. मंडळी केकवर तुटून पडली तेव्हा हा आपला वही उघडून चिप्स मोजीत होता. आई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि न विचारता काळ्या चिप्सच्या दहा-दहाच्या चवडी रचू लागली.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "एक कमी हाय."

दोघांनी घोंगडी झटकली, बाकांखाली वाकून पाहिले. मिळाली नाही. आता संच घरोघरी फिरतो, लग्नाला धर्मग्रामाची पातेली नेतात तसा. वहीत नेणाऱ्याचे नाव आणि परत आल्याची तारीख लिहिलेली असते, अक्षर त्याचेच. काळ्यांच्या खान्यात एकोणपन्नास चिप्सबरोबर एक चिंचोका ठेवलेला आहे.