दुःखाचा दाखला

न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बीची चित्रं मी बरीच वर्षं 'दिवाणखान्यातली चित्रं' म्हणून बाजूला सारली होती. सोफा, चहाचं टेबल, कुंड्या, भिंतीवर घरच्यांचे फोटो, पलंगावर एक जोडपं, त्यातली बाई काळी आणि पुरुष गोरा. सगळं नीटनेटकं. चित्रकर्ती स्वतः १९८३ साली नायजेरियातल्या एनुगूत जन्मलेल्या, १६व्या वर्षी अमेरिकेत आलेल्या, येलमधून चित्रकला शिकलेल्या. २०१७ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि त्याच वर्षी लंडनच्या लिलावात त्यांचं एक चित्र २५ लाख पौंडांच्या आसपास गेलं, तेव्हा तर माझा ग्रह पक्काच झाला. सुखवस्तू माणसांनी सुखवस्तू माणसांसाठी काढलेली चित्रं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

या ग्रहाची मुळं घरचीच. माझ्यासारख्यांना काळी अमेरिका कळली ती दलित पँथरमुळे. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या या संघटनेनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. काळा कलावंत म्हटलं की गुलामगिरी, चाबूक, पोलिसाची गोळी आणि या सगळ्याविरुद्ध उगारलेली मूठ, असं समीकरण डोक्यात बसलं ते बसलंच. मूठ दिसली नाही की चित्रात काही नाही.

पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत आज दहातला एक परदेशात जन्मलेला आहे. जमैका, हैती, नायजेरिया, इथिओपिया. त्याचे आजे-पणजे मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबलेले नसतात. गावी तो इग्बो असतो, योरुबा असतो, अमक्या मास्तरांचा मुलगा असतो. विमानतळाबाहेर पडला की निव्वळ काळा होतो, कारण गाडी अडवणारा पोलिस कुळी विचारत बसत नाही. अकुन्यिली क्रॉस्बी आणि त्यांची भावंडं तिकडे गेली ती आईला ग्रीन कार्डाची लॉटरी लागल्यामुळे. (भारतीयांना ही लॉटरी बंद आहे, आपण एरवीच इतके जातो! म्हणून आपल्या अमेरिकेच्या गोष्टी व्हिसाच्या रांगेपासून सुरू होतात आणि बढतीपाशी संपतात.)

माझं मत हललं ते २०१३ सालच्या 'टी टाइम इन न्यू हेवन, एनुगू' या चित्रामुळे. येल विद्यापीठ ज्या शहरात आहे ते न्यू हेवन. आणि एनुगूतही न्यू हेवन नावाची वस्ती आहे. चित्रात चहाचं मांडलेलं टेबल. चहा इंग्रजांनी लावलेला, आपल्यासारखाच. पण खरी गंमत रंगकामाच्या आत आहे. बाई नायजेरियन मासिकांतले, गाण्यांच्या रेकॉर्डांवरचे, घरच्या आल्बममधले फोटो छापून घेतात, कागदावर पालथे ठेवतात आणि मागून अ‍ॅसिटोन लावून घासतात. नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. शाई खाली उतरते, पण उलटी, फिकट, जागोजागी उडालेली. अशा फोटोंनी फरशी भरते, भिंत भरते, कधी अंगावरचा कपडाही. लांबून छापील कापडावरची नक्षी वाटते. जवळ जावं तर लष्करी गणवेशातले सत्ताधीश, गायक, नवरानवरी. कॅटलॉगात मी या नक्षीवरून कितीदा तरी नजर फिरवली होती.

२०१७ च्या 'ड्वेल: असो एबी'त नक्षीच्या जागी एका बाईचा चेहरा पुन्हापुन्हा येतो. पश्चिम आफ्रिकेत मोठ्या माणसांची चित्रं कापडावर छापायची पद्धत आहे. हा चेहरा चित्रकर्तीच्या आईचा, डोरा अकुन्यिलींचा. नायजेरियाच्या अन्न-औषध प्रशासनाच्या त्या २००१ पासून प्रमुख होत्या. बनावट औषधांनी त्यांची स्वतःची बहीण गेली होती. हा माल बाहेरून येई, आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता, हे आपण ऐकून घ्यायला हवं. त्यांनी तो अडवला. २००३ च्या डिसेंबरात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. गोळी डोक्याच्या फडक्याला चाटून गेली. मुलगी तेव्हा अमेरिकेत कॉलेजात होती. २०१४ साली डोराबाई वारल्या, त्याही भारतातल्याच एका रुग्णालयात.

हे वाचल्यावर मला बरं वाटलं. चला, दिवाणखान्यात दुःख सापडलं! आता या चित्रांना मोठं म्हणायला हरकत नाही. आणि मग त्या बरं वाटण्याचीच मला लाज वाटली. तहसील कचेरीच्या खिडकीतला कारकून जसा दाखला आणलाय का विचारतो, तसा मी इतकी वर्षं चित्रकर्तीकडे दुःखाचा दाखला मागत होतो, आणि तो मिळाल्यावर शिक्का मारायला निघालो होतो. गोळी झाडली गेली नसती तर ते टेबल, ती कुंडी, नवऱ्याशेजारी निवांत बसलेली ती बाई कमी प्रतीची ठरली असती का? आपल्याकडे दलित लेखकानं प्रेमाबद्दल किंवा नव्या फ्लॅटबद्दल लिहिलं की 'धार गेली' म्हणणारे आहेतच. मी स्वतः तसं छापून आणलं आहे.

आता मी फर्निचरच बघतो. कुठली वस्तू एनुगूची, कुठली त्या आता राहतात त्या लॉस एंजेलिसची, कुठली दोन्हीकडची. नक्षीतले अर्ध्याहून जास्त चेहरे मला ओळखू येत नाहीत. ऐंशीच्या दशकात नायजेरियात वाढलेल्या माणसाला ते चटकन कळतात. पूर्वी याचा राग यायचा. आता वाटतं, अमेरिकन संग्रहालयात प्रेक्षकाला न विचारता आपल्या घरचं बोलत राहणं, यालाही हिंमत लागते. लिलावातला आकडा मात्र अजूनही घशाखाली उतरत नाही.

असंच सुखवस्तू जग रंगवणारी चित्रकर्ती टोयिन ओजी ओडुटोला हीसुद्धा नायजेरियात जन्मलेली आणि अलाबामात वाढलेली. २०१७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिनं दोन काल्पनिक नायजेरियन खानदानं रंगवली. श्रीमंत, ऐटबाज, दोन घराण्यांतल्या दोन मुलग्यांच्या लग्नानं जोडलेली. गोऱ्यांचं राज्य तिथं कधी आलंच नाही असं समजून. माझा एक समीक्षक मित्र याला पळवाट म्हणतो. संस्थानिकांची तैलचित्रं आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळे भरून पाहिली, तेव्हा कुणी पळवाट म्हटलं नाही, असं मी त्याला सुनावलं. त्याला ते पटलेलं नाही. पुढच्या अंकात तो उत्तर देणार आहे.