फुलांची टोपी घातलेली कवटी

होसे ग्वादालुपे पोसादा या मेक्सिकन छापचित्रकाराने जन्मभर कवट्या काढल्या, आणि त्याची स्वतःची कवटी कुठे आहे हे आज कोणालाच सांगता येत नाही. 20 जानेवारी 1913 रोजी तो मेक्सिको सिटीत वारला. डोलोरेसच्या कब्रस्तानात त्याला सहाव्या दर्जाची जागा मिळाली, म्हणजे गरिबातल्या गरिबाला मिळते ती. सात वर्षांनी हाडं न्यायला कोणी फिरकलं नाही, म्हणून ती उकरून इतर बेवारशी हाडांत टाकून दिली. या माणसाच्या कवट्या आता टी-शर्टांवर, टकीलाच्या बाटल्यांवर आणि विमानतळावरच्या फ्रिज-मॅग्नेटवर जगभर फिरतात. मेक्सिकोला जायचं ठरलं तेव्हा पिरॅमिडांपेक्षा याचाच माग काढावा असं मनात होतं.

पुतण्या ओंकार ग्वादालाहाराला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "काका, नोव्हेंबरच्या सुरुवातीला या. तेव्हा अख्खा देश मसणवट्यात मुक्कामाला असतो," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. 1 आणि 2 नोव्हेंबर हे तिथले मृतांचे दिवस. मी ऑक्टोबर सरता सरता मेक्सिको सिटीत उतरलो आणि पहिल्याच सकाळी बाजारात झेंडूचे ढीग दिसले. केशरी, गच्च पाकळ्यांचा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात असतो तोच. तोच म्हणजे खरोखर तोच: झेंडूचं मूळ घर मेक्सिको, आणि आपल्या दारावर तोरण होऊन बसायला तो समुद्र ओलांडून आला. तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात आणि त्याच्या पाकळ्यांची वाट अंगणापासून घरातल्या ओट्यापर्यंत घालतात, मेलेल्यांना घर सापडावं म्हणून.

ओट्यावर फोटो, मेणबत्त्या, मृताच्या आवडीचे पदार्थ, आणि साखरेच्या कवट्या. पितृपक्षाची आठवण होणारच, मलाही झाली. पण आपण पितरांना घाबरून असतो, कावळा शिवला नाही की जीव टांगणीला लागतो. इथे पितरांची चेष्टा चालते. एका ठेल्यावर बाई साच्यातून काढलेल्या पांढऱ्याशुभ्र कवट्यांना डोळ्यांच्या खोबणीत चमचमता कागद चिकटवत होती आणि कपाळावर रंगीत साखरेने नाव घालून देत होती. ही कवटी भेट द्यायची ती मेलेल्याच्याच नावाची असते असं नाही, चांगल्या जित्याजागत्या मित्राच्या नावाचीही देतात. ओंकारने माझ्या नावाची करून घेतली. आमच्या आईने पाहिली असती तर मला आणि कवटीला, दोघांनाही उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं.

कवट्यांचा हा षोक थेट अझ्टेकांकडून आलेला, असं प्रत्येक गाइड सांगतो. म्हणून सोकालोच्या चौकाशेजारी टेंप्लो मायोरला गेलो. अझ्टेकांच्या मुख्य देवळाचे हे अवशेष. तिथे एका चौथऱ्याच्या भिंतीवर गिलावा चढवलेल्या दोनशेवर दगडी कवट्या ओळीने बसवल्या आहेत. खऱ्या कवट्यांचा मनोरा जवळच, ग्वातेमाला रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीखाली 2015 साली सापडला. 2020 पर्यंत तिथल्या कवट्यांची मोजणी सहाशेच्या वर गेली होती. बळी दिलेल्यांची डोकी दोन्ही कानशिलांना भोकं पाडून आडव्या दांड्यांवर ओवत, या मांडणीला त्सोम्पांत्ली म्हणतात. त्यांत बायका आणि मुलंही निघाली. मानववंश संग्रहालयातली कोआतलिक्वे देवी याच घराण्यातली: सापांचा घागरा, तोडलेले हात आणि काळजं ओवलेली माळ, माळेत पदक म्हणून कवटी. 1790 साली ती चौकात सापडली तेव्हा लोक तिला पुजू लागतील या धास्तीने पुन्हा पुरून टाकली होती. तिच्यासमोर उभं राहिल्यावर मला वेरूळचं रामेश्वर लेणं आठवलं. तिथे मातृकांच्या सोबतीला बरगड्या मोजाव्यात असा काळ कोरलाय. दोन्हीकडे हाडं ही शक्तीची खूण आहे. माणूस त्यांच्यापुढे वाकतो.

पोसादाच्या कवटीपुढे कोणी वाकत नाही. तिला बघून लोक फिस्सकन हसतात. माझ्या मते ती त्सोम्पांत्लीपेक्षा युरोपातल्या मृत्यूच्या नाचाची जास्त जवळची नातेवाईक आहे. राजा, पोप, सावकार, शेतकरी यांचा हात धरून सापळा त्यांना घेऊन जातोय, अशी चित्रं मध्ययुगाच्या अखेरीस चर्चच्या भिंतींवर होती; हान्स होल्बाइनने त्यांची लाकडी ठशांची मालिका केली, ती 1538 मध्ये लिआँला छापली गेली. मरणापुढे सगळे सारखे, हा तो धडा. मिशनरी तो मेक्सिकोत घेऊन आले आणि पोसादाने त्यातलं प्रवचन काढून टाकून चावटपणा तेवढा ठेवला. अझ्टेक वारशाची गोष्ट मेक्सिकन क्रांतीनंतरच्या चित्रकारांनी आणि सरकारने जोर लावून रंगवली. ती सगळी खोटी नाही, पण तिला रंग बराच लागलाय.

रंग लावणाऱ्यांत पहिला मान दिएगो रिवेराचा. आलामेदा बागेच्या टोकाला एक लहान संग्रहालय आहे, त्यात एकच चित्र: सुमारे पंधरा मीटर लांबीचं भित्तिचित्र, आलामेदातल्या रविवारच्या दुपारचं स्वप्न. 1947 साली ते समोरच्या देल प्रादो हॉटेलसाठी काढलं होतं. चित्रातल्या एका विचारवंताच्या हातात 'देव नाही' असा मजकूर होता, त्यावरून गदारोळ झाला आणि चित्र कित्येक वर्षं झाकून ठेवावं लागलं. 1956 साली रिवेराने तो मजकूर स्वतःच बदलला. 1985 च्या भूकंपात हॉटेल गेलं, चित्र वाचलं. मग ते उचलून रस्त्यापलीकडे आणलं आणि त्याच्यासाठी हे घर बांधलं.

मधोमध पोसादाची ती कवटी उभी आहे: पायघोळ पांढरा झगा, पिसांची मोठी टोपी, गळ्यात पिसांच्या सापाचा बोआ, आणि चेहऱ्याच्या जागी कवटी. तिने एका पोराचा हात धरलाय, तो पोर म्हणजे रिवेरा स्वतः. खिशातून बेडूक डोकावतोय. पोराच्या मागे रिवेराची चित्रकार बायको फ्रीडा काहलो. कवटीचा दुसरा हात काळ्या सुटातल्या एका जाड माणसाच्या कोपरात, तो पोसादा. बाकावर बसून बराच वेळ बघितलं. बेवारशी हाडांत गेलेल्या माणसाला रिवेराने असा देशाच्या इतिहासाच्या मध्यावर आणून उभा केला. हे ऋण फेडणं मला फार आवडलं.

मेक्सिको सिटीहून आग्वासकालिएंतेस साधारण पाचशे किलोमीटर. बस छान, रस्ता कंटाळवाणा. निवडुंग आणि पेट्रोल पंप. पोसादा 1852 साली या गावात जन्मला, इथेच शिळाछाप शिकला. 1871 मध्ये एका नियतकालिकात राजकारण्यांची व्यंगचित्रं काढली आणि पुढल्या वर्षी उस्तादासोबत लेओनला गेला. 1888 मध्ये लेओन पुरात बुडालं, तेव्हा राजधानी गाठली. तिथे आंतोनिओ वानेगास आर्रोयो या प्रकाशकाच्या स्वस्त छापखान्यासाठी तो राबला. खून, भूकंप, फाशी, प्रार्थना, पाककृती, प्रेमपत्रांचे नमुने, जे खपेल ते रंगीत चिटोऱ्यांवर. लहानपणी शाळेत जाताना खिडकीतून त्याचं काम बघत थबकायचो, असं ओरोस्को या थोर चित्रकाराने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

त्याच्या नावाचं संग्रहालय एल एन्सीनो देवळाला लागून आहे. आत गर्दी नव्हती. छापील चित्रं हातभर लांबीचीही नाहीत, म्हणून नाक लावून बघावी लागतात, आणि तसंच बघण्यात मजा आहे. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने चित्र काढायचं, पत्रा आम्लात सोडायचा, रेषा सोडून बाकीचं खाल्लं जातं. उरलेला उठाव खिळ्यांच्या शेजारी बसवून मजकुरासकट एका दमात छापायचा. घाई त्या रेषेत दिसते. सायकलींवरचे सापळे वर्तमानपत्रांची नावं मिरवत एकमेकांना चिरडत चाललेत. सापळा-डॉन किहोते सापळ्याच्या घोड्यावर भाला रोखून निघालाय आणि वाटेत कवट्या लाह्यांसारख्या उडताहेत.

आणि ती, जिला पुढे कात्रीना म्हणू लागले. बघितलं आणि चमकलो: तिला अंगच नाही! नुसतं डोकं. झगा, बोआ, कंबर, सगळं रिवेराचं. पोसादाने फक्त दात विचकणारी कवटी काढली आणि तिच्यावर शहामृगाच्या पिसांची, फुलांच्या ओझ्याने वाकलेली फ्रेंच टोपी ठेवली. खाली छापलेल्या पद्याचा रोख होता मूळच्या देशी बायकांवर, ज्या चेहऱ्याला पावडर थापून गोऱ्या मडमा व्हायला बघत. पोर्फिरिओ दिआसच्या राजवटीत पॅरिसची नक्कल म्हणजे मोठेपणा होता. जस्ताचा हा पत्रा साधारण 1910 ते 1913 मधला. पोसादा गेल्यावर त्याचं नावही पुसलं गेलं असतं. 1925 साली जाँ शार्लो या फ्रेंच चित्रकाराने त्याच्यावर लेख लिहिला आणि 1930 मध्ये त्याच्या 406 छापांचं पुस्तक निघालं, रिवेराच्या प्रस्तावनेसह.

जवळच मृत्यूचं राष्ट्रीय संग्रहालयही आहे. वस्तू खूप, पण मन पोसादाकडेच राहिलं, म्हणून भरभर उरकलं.

संध्याकाळी गावातल्या कवट्यांच्या जत्रेत रंगवणाऱ्या पोरींच्या खुर्च्या मांडलेल्या. "काका, बसा की, मजा येते," ओंकार मागे लागला. तो स्वतः अर्धा सापळा झालेला होता. बाजूला झगे, पिसांच्या टोप्या, फुलांचे मुकुट भाड्याने मिळत होते, आणि शेकडो कात्रीना कंबरेवर हात ठेवून फोटो काढून घेत होत्या. मेक्सिको सिटीतली प्रचंड मिरवणूक तर 2016 पासूनची. आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या सिनेमात ती दाखवली होती, म्हणून खरीच काढायला लागले. ज्या भपक्याची टर उडवायला ही कवटी काढली, तोच भपका आता तिच्या नावाने विकला जातो. पोसादाने हे बघितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी यावरही एक चिटोरा छापला असता, आणि तो खपलाही असता.

मी चेहरा रंगवून घेतला नाही. त्यात तत्त्व काही नव्हतं, रांग मोठी होती. तुम्ही जाल तेव्हा अवश्य रंगवून घ्या, मात्र आधी आग्वासकालिएंतेसला जाऊन बिनअंगाची ती मूळ कवटी बघा, मग रिवेराचं चित्र. आणि सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात.