गार पाण्याचं देणं

आप्पांच्या तेराव्याला मांडवात माणसं त्यांच्या आठवणी सांगत होती. कुणाच्या आईला त्यांनी मिशन हॉस्पिटलात रात्री खाट मिळवून दिली होती, कुणाच्या पोराची फी गुपचूप भरली होती. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "मॅडम, तुम्ही बोला की." मी "फार मोठ्या मनाचा माणूस" असं काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. या माणसामुळे माझ्या चड्ड्यांवरचे पाळीचे डाग निघायला लागले, हे तेराव्याच्या मांडवात सांगायची आपल्याकडे सोय नाही. म्हणून लिहिते आहे.

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं आणि दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं, आणि पुढे कर्नाटकातूनही पेशंट मिरजेच्या स्टेशनावर उतरू लागले. एवढी ऑपरेशनं म्हणजे रक्तानं भरलेल्या चादरीही तेवढ्याच, आणि त्या धुणारी माणसंही आलीच. आमच्या वाड्यामागच्या बोळात राहणारे आप्पा त्यांतले एक. जातीनं परीट. वडील घरोघरची धुणी नेत, आप्पांनी मात्र दवाखान्याच्या धोबीखान्यात नोकरी धरली. त्यांची बायको, आमची नानी, दारात टेबल टाकून कोळशाच्या इस्त्रीनं गल्लीचे कपडे करायची. घरात गणपतीशेजारी गाडगेबाबांचा फोटो होता. "आमच्यातलेच," असं नानी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायची.

आमच्या घरातल्या बाळंतपणांची धुणी पिढ्यान्‌पिढ्या या घरानं धुतलेली. माझ्या जन्माच्या वेळचीही नानीच्या सासूनंच नेली होती. ती मागच्या दारानं यायची, गाठोडं उचलायची, आणि कपडे स्वच्छ होऊन परत आले की आजी ते पाणी शिंपडून घरात घ्यायची. ज्यांच्या हातानं आमचा विटाळ निघायचा त्यांना ओसरीच्या वर पाऊल टाकायची मुभा नव्हती. लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते वाटू नये अशीच घराची सगळी व्यवस्था होती.

मला पाळी आली ती १९८३ च्या पावसाळ्यात, आठवीत असताना. आजीच्या राज्यात "कावळा शिवला" की तीन दिवस बाहेरची खोली. जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायच्या. त्या दिवसांत नळाला हात लावायचा नाही, त्यामुळे भरलेल्या घड्या आणि चड्ड्या कोपऱ्यात एका गाठोड्यात साठत राहायच्या. चौथ्या दिवशी पहाटे बंब पेटायचा, डोक्यावरून कढत पाणी घ्यायचं, आणि त्याच कढत पाण्यात ते तीन दिवसांचं गाठोडं बुचकळायचं. शुद्ध व्हायचं तर पाणी चांगलं सणसणीत हवं, यावर घरात कुणाचंही दुमत नव्हतं. साबण कितीही घासला तरी चड्डीच्या मधोमध तपकिरी नकाशा राहायचा तो राहायचाच. आई म्हणायची, "बायकांचे डाग ते, जात नाहीत. नीट झाकून वाळत घाल म्हणजे झालं."

रक्ताच्या डागाला पक्कं व्हायला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि उष्णता. आमच्या सोवळ्यानं त्याला दोन्ही पुरवल्या होत्या.

मी चड्ड्या परसातल्या भिंतीवर टॉवेलखाली लपवून वाळत घालायची. एकदा वाऱ्यानं टॉवेलही उडाला आणि एक चड्डी भिंतीपलीकडे नानीच्या अंगणात जाऊन पडली. आणायला गेले तर नानीनं ती उन्हात धरून पारखून पाहिली, एखाद्या गिऱ्हाईकाचा शर्ट पाहावा तशी, आणि मोठ्यांदा विचारलं, "ही काय उकडून काढलीस व्हय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आप्पा तिथेच पायरीवर विडी ओढत बसले होते. त्यांनी चड्डीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. समोरच्या शेवग्याकडे बघत त्यांनी धोबीखान्यातली गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"थेटरातल्या हिरव्या चादरी येत्यात आमच्याकडं. नवं पोरगं कामाला लागलं की पयलं हेच चुकतंय. चादर बघून घाबरतंय आन् ढकलतंय सरळ ऊन पाण्याच्या हौदात. मग काय, रगात शिजतंय. एकदा शिजलं की बापाला निघत न्हाई. वर ती चादर वाफंच्या मशीनीत गेली तर डाग जन्माचा." विडी झटकून ते पुढे म्हणाले, "आदी गार पाणी. रगात समदं सुटूस्तवर गारच. मग साबण. ऊन पाणी शेवटाला, जंतू मारायला. रगात कुनाचं, कशाचं, ह्याच्याशी आपल्याला काय करायचंय? आपलं काम डागाशी."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. ते कशाबद्दल बोलत होते हे त्यांना, मला आणि नानीला, तिघांनाही कळत होतं. पण ऑपरेशनच्या चादरीआडून बोलल्यामुळे मला मान वर करून ऐकता आलं. माझ्या वडिलांशी या विषयावर माझं आयुष्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. ते वाईट नव्हते. त्यांच्यापाशी अशी चादर नव्हती, एवढंच.

पुढचं शिक्षण नानीचं. "तुमच्या आज्जीचं ऱ्हाऊ दे, तू हिकडं येत जा," म्हणाली. तिच्या अंगणातल्या नळाला विटाळ नव्हता. मी गाठोडं घेऊन मागच्या दारानं निघायची, ज्या दारानं एके काळी तिची सासू यायची त्याच. एकदा मी घमेलं तिच्यापुढे सरकवलं तेव्हा तिनं ते पायानं परत माझ्याकडे लोटलं. "तुझं तू धू. आमच्या सासूनं लई धुतली लोकांची." त्यात राग नव्हता, पण ती थट्टाही नव्हती.

नानीचा हात बघण्यासारखा होता. चड्डी आधी उलटी करायची. डागाच्या पाठच्या बाजूनं नळाची बारीक धार सोडायची, म्हणजे रक्त आलं त्याच वाटेनं मागे ढकललं जातं. वरून धार सोडली तर ते कापडात आणखी आत शिरतं. कोरड्यावर घासायचं नाही. धारेखाली पाणी गुलाबी व्हायला लागलं की घमेल्यात गार पाणी घेऊन भिजत ठेवायचं आणि पाणी रंगलं की बदलायचं. पाणी नितळ राहिलं की मग वडीचा साबण, तोही डागावर थेट रगडायचा नाही. कापड तळहातावर ताणून अंगठ्यानं, कापडावर कापड असं चोळायचं. इलास्टिकच्या शिवणीत रक्त दडून बसतं, तिथे जुना दातांचा ब्रश. भिजवताना ती पाण्यात मूठभर मीठ टाकायची. मीही वर्षानुवर्षं टाकत आले. मिठानं फार फरक पडतो असं आता मला वाटत नाही, खरं काम गार पाणी आणि घाई यांचंच. पण मीठ टाकल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि त्यालाही किंमत आहे.

वाळवायचं मात्र उघड्यावर. तिच्या दोरीवर, इस्त्रीला आलेल्या मास्तरांच्या लेंग्याशेजारी, माझ्या चड्ड्या भर उन्हात लटकायच्या. ऊन उरलासुरला डाग फिका करतं आणि जंतूही मारतं. सांदीकोपऱ्यात ओलसर राहिलेल्या चड्ड्यांनी जांघेत खाज सुटते, हे आमच्या वाड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि तेही बायकांचे भोग म्हणून खपून जायचं. आजीला हे सगळं कळलं तेव्हा तिनं आकांत केला. डागासाठी नव्हे, दोरी परटाची होती म्हणून. नानीनं ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोरी हातभर वर बांधली.

पुढे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र घेतलं. प्रथिनांचा भाग शिकताना बाई फळ्यावर हिमोग्लोबिन काढत होत्या. चार साखळ्या, प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एक अणू. या रेणूची घडण उलगडण्यासाठी मॅक्स पेरुत्झ यांनी उमेदीची वर्षं घातली आणि १९६२ साली त्यांना केंड्र्यू यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मला फळ्यावर आप्पांचा हौद दिसत होता. साध्या गार पाण्यात तांबड्या पेशी पाणी पिऊन फुटतात, हिमोग्लोबिन पाण्यात विरघळून बाहेर येतं. उष्णता लागली की अंड्याचा पातळ पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो तसंच याचं होतं. साखळ्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि सुती धाग्यांत अडकून बसतात. मग पाणी त्यांना सोडवू शकत नाही. "रगात शिजतंय" यापेक्षा नेमकं वर्णन मला आजही कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. मी वर्गात तेच वापरते, आप्पांच्या हेलासकट.

ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटात मी एक तपकिरी बाटली वेगळी ठेवली. हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन टक्क्यांचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं तेच. लुई थेनार या फ्रेंच रसायनज्ञानं हे द्रव्य १८१८ साली शोधलं. उजेडानं त्याचं विघटन होतं, म्हणून बाटली तपकिरी. रक्ताला लागलं की ते फसफसतं, कारण रक्तातलं कॅटलेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वाळलेल्या, जुन्या डागावर याचे थेंब टाकायचे, फेस बसला की गार पाण्यानं धुवायचं, गरज पडली तर पुन्हा. पांढऱ्या सुती कापडावर निर्धास्त, रंगीत असेल तर आधी शिवणीच्या आत थेंब टाकून रंग जातो का ते बघायचं. वर्गात मुलीचा युनिफॉर्म खराब झाला की ती बाटली बाहेर निघायची. मुली तिला "मॅडमची बाटली" म्हणत, आणि कुणीतरी मैत्रिणीसाठी मागायला आली की प्रयोगशाळेचे शिपाईमामा न विचारता ती काढून टेबलावर ठेवून बाहेर जात.

ब्लीचिंग पावडरीच्या मागे मात्र लागू नये. क्लोरीन इलास्टिक खातं आणि रक्तातल्या लोहामुळे डाग उलट पिवळट होऊन बसू शकतो. हल्लीच्या पावडरींत आणि लिक्विडांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ही कल्पना ऑटो रोह्म या जर्मन रसायनज्ञाची, १९१३ सालची. सुती चड्डीला ती उत्तम, पण रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच, तेव्हा पैठणीवर डाग पडला तर असं लिक्विड लावून पैठणी घालवू नका.

आणखी एक गोष्ट, जी नानीलाही माहीत नव्हती. माझी लेक कॉलेजात असताना काळ्या चड्ड्यांवर मधोमध नारिंगी-फिकट पट्टा पडतो म्हणून त्या घासून घासून झिजवायची. तो डागच नसतो. योनीचा स्राव आम्लधर्मी असतो, सामू साधारण ३.८ ते ४.५, निरोगी शरीरातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंमुळे. ते आम्ल कापडाचा रंग उडवतं. जो रंग गेलेलाच आहे तो घासून कसा परत येणार? तिला हे सांगितलं तेव्हा ती चिडून म्हणाली, "मग हे चड्डीच्या पाकिटावर छापत का नाहीत?" मला उत्तर सुचलं नाही.

तेराव्यानंतर काही महिन्यांनी मिरजेला गेले होते. नानी आता थकली आहे, इस्त्री मुलगा चालवतो, विजेची. चहा झाल्यावर मी तिला म्हटलं, "नानी, मी कॉलेजात मुलींना हे शिकवते ना, तेव्हा सांगते, हे मला मिरजेच्या धोबीखान्यातल्या आप्पांनी शिकवलं. मुलींना खरंच वाटत नाही. 'पुरुषानं शिकवलं?' म्हणतात."

नानी बराच वेळ हसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "त्येनी काय शिकीवलं गं? विडी वढत चादरीची गोष्ट सांगितली आन् गेलं आत. घमेलं कुनी दिलं? दोरी कुनाची हुती? आज्जीच्या शिव्या कुनी खाल्ल्या?" आणि सून ऐकते आहे का याची जराही फिकीर न करता पुढे म्हणाली, "पोरींना सांग, परटिणीनं शिकीवलं म्हनावं."