पाठवून टाक त्याला!

आपल्या प्रत्येकाच्या आत एक बॉस दडलेला असतो. ऑफिसात त्याला कुत्रं विचारत नाही. आपल्या खुर्चीपासून केबिनपर्यंत चालत जायला दहा सेकंद लागतात आणि पोचायला दहा वर्षं! मग हा बिचारा बॉस कुठेतरी बाहेर पडणारच ना? आमच्या ग्रुपमध्ये तो रविवारी सकाळी बाहेर पडतो. निमित्त एनबीएचं.

ग्रुप म्हणजे चौघंच. एक डॅलसवाला, एक लेकर्सवाली, कुठल्याच टीमचा नसलेला पण सगळे आकडे तोंडपाठ असलेला एक सीए, आणि अस्मादिक. आठवडाभर पहाटे अलार्म लावून मॅच बघायच्या (अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ), लोकलमध्ये डुलक्या काढायच्या आणि रविवारी दादरच्या एका उडप्याकडे बसून टीम चालवायच्या. हो, चालवायच्याच! याला काढा, त्याला आणा, हा म्हातारा झाला, पाठवून टाक त्याला! वेटर तीनदा बिल ठेवून जातो, तरी आमचा ट्रेड काही फायनल होत नाही.

ज्यांना हा फंडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलमध्ये लिलाव, तसा एनबीएमध्ये ट्रेड. आपला खेळाडू द्यायचा आणि बदल्यात समोरच्यांचा खेळाडू घ्यायचा, किंवा पुढच्या एखाद्या वर्षाचं 'पिक', म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा पोरगा निवडायचा हक्क. पगारांची बेरीजही बरीचशी जुळवावी लागते, म्हणून कधी कधी तिसरी टीम मध्ये घ्यावी लागते. आणि खेळाडूची परवानगी? ट्रेड अडवण्याचा हक्क करारात लिहून मिळालेले फारच मोजके. बाकीच्यांना फोन येतो आणि बॅग भरायची.

यात वाद घालायला एवढी मजा का येते? कारण आपलं उत्तर नेहमी नंतर आलेलं असतं. १९८४च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने दुसऱ्या नंबरवर सॅम बोवीला घेतलं आणि तिसऱ्या नंबरवर मायकेल जॉर्डन शिकागोला गेला, हे आज कुणीही सांगेल. २०१४मध्ये निकोला योकिच थेट ४१वा निवडला गेला, म्हणजे त्या दिवशी जवळपास प्रत्येक टीम त्याच्यावरून पुढे गेली. आणि २०१८मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने दुसऱ्या नंबरवर लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईत जन्मलेले, त्यामुळे हा विषय आमच्याकडे घरच्या भांडणासारखा निघतो. तिसऱ्या नंबरवर अटलांटाने लुकाला निवडलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. आमचा डॅलसवाला त्या दिवसापासून डॅलसवाला झाला.

आणि मग आला २ फेब्रुवारी २०२५. रविवार. सकाळचे पावणेअकरा वाजत आलेले, दुसरी कॉफी टेबलवर. लेकर्सवाली मोबाइल बघत होती. ती एकदम म्हणाली, "अकाउंट हॅक झालंय वाटतं कुणाचं तरी."

हॅक वगैरे काही झालं नव्हतं. लुका लेकर्सला. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९चं एक पहिल्या फेरीचं पिक. पंचविशीतला लुका, ज्याने आठच महिन्यांपूर्वी डॅलसला फायनलमध्ये नेलं होतं! लुका स्वतः झोपायच्या बेतात होता तेव्हा त्याला फोन आला. आज १ एप्रिल आहे का हे बघावं लागलं, असं त्याने नंतर सांगितलं.

डॅलसवाला काहीच बोलला नाही. सीए मात्र सुटला. लुकाला पुढे पाच वर्षांसाठी सुमारे ३४५ मिलियन डॉलर द्यावे लागले असते, त्याच्या फिटनेसची बोंब, डिफेन्स यथातथा, जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना डिफेन्सवर चॅम्पियनशिप जिंकायची आहे... "अ‍ॅसेटची किंमत सगळ्यात जास्त असते तेव्हाच तो विकायचा असतो." गंमत म्हणजे लेकर्सवालीही खूश नव्हती. २०२०चं टायटल डेव्हिसने मिळवून दिलं होतं. "पण तोसुद्धा २०१९मध्ये ट्रेडमधूनच आला होता ना? तीन पोरं आणि पिक्सचा ढीग देऊन? तेव्हा नाचत होतीस," सीए म्हणाला. तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नव्हतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांची गोष्ट. डॅलसवाल्याच्या कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला एक कॉल झाला. दहा मिनिटांचा. त्याचं प्रोजेक्ट नोएडाला हलवलं होतं, पंधरा दिवसांत त्यानेही हलायचं होतं. आई डोंबिवलीत एकटी. मेलचा विषय होता, 'रिसोर्स रीअलोकेशन'.

रविवारी त्याने हे सांगितलं तेव्हा टेबल गप्प झालं. मग सीएने, तो सीएच असल्यामुळे, वातावरण हलकं करायला म्हटलं, "लुकाला निदान वर्षाला ४३ मिलियन डॉलर मिळतात रे!"

"पैशाचं सोड," डॅलसवाला म्हणाला. "सातवा सीझन होता त्याचा तिथे. एकदा विचारायला काय जात होतं?"

मला त्या दिवशी डॅलसचे लोक कळले. त्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली होती, मॅचमध्ये 'फायर निको' ओरडत होते. आम्हाला वाटलं होतं, अमेरिकन नौटंकी! पण हिशेब चुकला म्हणून कुणी शवपेटी आणत नाही. ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परत आला, त्याच्यावरचा व्हिडिओ बघताना रडला आणि मग ४५ पॉइंट काढले. आपल्याच टीमला बडवणाऱ्या माणसासाठी अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं.

पुढचा भाग तर सिनेमात शोभेल असा. मेमध्ये ड्राफ्टची लॉटरी निघाली. डॅलसला पहिला नंबर मिळण्याची शक्यता होती १.८ टक्के, आणि तो मिळाला! जूनमध्ये त्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं, अवघ्या अठरा वर्षांच्या पोराला. सीए जाम खूश, "बघ, शेवटी भलंच झालं." तोवर डॅलसवाला नोएडाहून फोनवर असायचा, सांबाराच्या वाटीला टेकवलेल्या मोबाइलच्या स्पीकरवर. म्हणाला, "लॉटरी लागली म्हणून घर विकणं शहाणपणाचं ठरत नाही."

नोव्हेंबर २०२५मध्ये डॅलसने निको हॅरिसन यांनाच काढलं. त्या रविवारी आम्ही दोन प्लेट वडा-सांबार जास्त मागवले आणि नोएडाला फोन लावला. वाटलं, गडी आता हसेल, शिव्या घालेल, पार्टी मागेल.

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "त्याला तरी आधी सांगितलं असेल का रे?"

वाद आम्ही आजही घालतो. त्याशिवाय रविवार कसला? सीएचे आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात आणि टीम बांधायची तर कुणाला तरी जावंच लागतं, हेही खरं. फक्त हल्ली कुणी "पाठवून टाक त्याला" म्हणालं, की स्पीकरवरून आवाज येतो, "कुठे? आणि त्याला सांगणार कोण?"

मग लेकर्सवाली कॉफी ढवळत बसते, सीए चष्मा पुसतो आणि आतला बॉस जरा वेळ गप्प बसतो.