पाड्यावरच्या शाळेचा आठवडा

सह्याद्रीच्या उपरांगा आणि अरबी समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात, पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, गाव एका जागी दाटीने वसलेले नसते. ते दूरदूर विखुरलेल्या पाड्यांचे मिळून बनते, आणि अशा एखाद्या पाड्याच्या कडेला जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा उभी असते. दोन खोल्या, पुढे पडवी, भिंतींवर रंगवलेली मुळाक्षरे आणि अंक, कोपऱ्यात पाण्याची टाकी, मागे आहार शिजवण्याची शेड एवढाच तिचा पसारा असतो. जुलैत पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की बाईंचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे जात नाही. मग तोंडी चाललेला पाठ थांबतो, मुले पाट्या पुढे ओढतात, आणि खोलीतला ओल्या कपड्यांचा वास, खडूची धूळ व मंद उजेड यांच्या सोबतीने शिकणे हाताकडे वळते. पहिली आणि दुसरीच्या मुलांचा आठवडा अशा खोलीत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला त्या आठवड्याचे सहाही दिवस सारखेच वाटतात, कारण तीच अक्षरे, तेच मणी आणि तीच गाणी पुन्हा पुन्हा येत राहतात. परंतु या वयात शिकण्याचा गाभा त्या पुन्हा येण्यातच असतो, आणि तो ओळखता आला तर प्राथमिक शिक्षणाविषयीच्या बऱ्याच अपेक्षा नव्याने तपासाव्या लागतात.

पाड्यावरची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते, म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग मिळून दोनच शिक्षक असतात. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देण्याचे प्रमाण २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरवले आहे. एका खोलीत एकाच वेळी एकाहून अधिक इयत्तांना शिकवण्याच्या या पद्धतीला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ती सोयीपेक्षा गरजेतून आलेली असली, तरी तिच्यात एक अनपेक्षित लाभ दडलेला असतो. पहिलीचे मूल जे अक्षर आज प्रथमच पाहते, ते दुसरीचे मूल शेजारीच बसून वाचत असते, आणि दुसरीच्या मुलालाही गेल्या वर्षी निसटलेले काही पहिलीच्या पाठात पुन्हा ऐकायला मिळते. सोमवारी परिपाठासाठी, म्हणजे राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि गोष्ट यांनी बनलेल्या दिवसाच्या सामूहिक आरंभासाठी, मुले पडवीत उभी राहतात तेव्हा मोठ्यांच्या ओठांकडे पाहून लहान मुले शब्द पकडतात. अर्थ अजून हाती आलेला नसतो, पण लय आलेली असते, आणि भाषेच्या बाबतीत लय हीच पुष्कळदा अर्थाच्या आधी पोहोचते.

या मुलांची घरची भाषा वारली, कोकणा किंवा धोडी असते आणि पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी असते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत शाळेत येणारे मूल गप्प बसते, आणि ते गप्प बसणे मंदपणाचे लक्षण समजण्याची चूक सहज होऊ शकते. जाणत्या बाई या शांततेची घाई करत नाहीत. मुलाने आपल्या बोलीत सांगितलेले एखादे वाक्य, शेळी व्यायल्याचे किंवा ओढ्याला पाणी आल्याचे, त्या फळ्यावर तसेच लिहितात, बोट ठेवून वाचून दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य अजून फळ्याच्या कोपऱ्यात शाबूत असते. मुलाच्या स्वतःच्या बोलण्यातून वाचनाचा मजकूर तयार करण्याच्या या रीतीला भाषानुभव पद्धती म्हणतात. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच विचाराचा जोरदार पुरस्कार केला होता. आपण काल बोललो ते आज भिंतीवर आहे, आणि बाईंनी वाचले की ते जसेच्या तसे परत ऐकू येते, ही जाणीव झाली की लिपी म्हणजे काय हे मुलाला कळलेले असते. अक्षरओळख त्यानंतरची गोष्ट आहे.

अक्षरओळखीचे काम मात्र दिसते त्याहून कठीण असते. शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो, हे कानाने ओळखण्याच्या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात, आणि ती यावी म्हणून मंगळवारी सगळा वर्ग टाळ्या वाजवत ‘मासा’, ‘पाऊस’, ‘चिखल’ असे शब्द तोडत बसतो. देवनागरीत व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होते, त्यामुळे ‘मासा’ या शब्दाच्या दोन टाळ्या आणि कागदावरची दोन अक्षरे यांचा मेळ सहज बसतो. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला असला तरी आरंभी ग, म, भ, न यांसारखी वळणाला सोपी अक्षरे घेण्याची वाट महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी फार पूर्वी शोधली. अडचण खरी येते ती ‘चिखल’पाशी. तोंडातून आधी च येतो आणि मग इ, पण कागदावर ऱ्हस्व वेलांटी च च्या अलीकडे उभी राहते. ऐकण्याचा क्रम आणि पाहण्याचा क्रम इथे एकमेकांविरुद्ध जातात. दुसरीत ‘सूर्य’ लिहिताना र चा उच्चार य च्या आधी होतो, तरी रफार य च्या डोक्यावर बसतो, आणि तीच अडचण नव्या रूपात समोर येते. सहा-सात वर्षांचे मूल अशा ठिकाणी अडखळते ते लिपीतल्या एका खऱ्या विसंगतीपाशी, आणि त्या अडखळण्याला चूक म्हणण्याऐवजी निरीक्षण म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

अंकांच्या बाबतीतही असेच घडते. वर्गात शंभर मण्यांची माळ टांगलेली असते, दहा मणी एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे अशा क्रमाने ओवलेली. शेजारी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या असतात. एका वस्तूला एकच अंकनाम लावायचे, कोणतीही वस्तू गाळायची नाही आणि दोनदा मोजायची नाही, या नियमाला एकास एक संगती म्हणतात, आणि तो बोटांत भिनल्याशिवाय तोंडपाठ अंक निरर्थक राहतात. दहाचा गठ्ठा बांधला की तो एक दशक होतो. दहा वस्तू एकाच वेळी दहाही असतात आणि एकही असतात, ही कल्पना मानवी बुद्धीच्या मोठ्या शोधांपैकी आहे, आणि ती पाड्यावरच्या मुलाकडून गठ्ठ्याला रबर लावताना नव्याने शोधली जाते. मराठी संख्यानामे यात आणखी एक वळण घालतात. ‘चौसष्ट’ म्हणताना चार आधी येतात आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहाचा अंक आधी येतो. ‘एकोणतीस’ म्हणताना तर अजून न आलेल्या तिसाचा आधार घ्यावा लागतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ चार’ या धर्तीचे पर्यायी वाचन सुचवले गेले तेव्हा राज्यभर वाद झाला आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली. कोणता पक्ष बरोबर याचा निर्णय कसाही लागो, त्या वादाने एक मोलाचे काम केले: प्रौढांना सवयीने सोपी झालेली गोष्ट लहान मुलांसाठी किती अवघड असते, हे काही दिवसांपुरते तरी चर्चेच्या मध्यभागी आले.

दुपारी खिचडीचा वास खोलीत शिरतो आणि गणिताचा पाठ आपोआप पडवीत जातो. १९९५मध्ये सुरू झालेल्या आणि २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाच्या रूपात देशभर रुजलेल्या शालेय पोषण आहाराने प्राथमिक वर्गातल्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मानक आहे. पाड्यावर या आकड्यांना थेट अर्थ असतो, कारण उपाशी मुलाचे लक्ष अक्षरावर ठरत नाही. ताटे मांडणारे मूल हजेरी आठवून ताटे मोजते, दोन कमी पडली की पुन्हा आणायला धावते, आणि सकाळी मण्यांवर न जमलेली वजाबाकी त्या वेळी त्याच्याकडून बिनचूक होते.

या सगळ्या रीतीला याच परिसरात एक इतिहास आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती, म्हणून त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि जी मुले गुरे राखायला कुरणात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा भरली. लहानग्यांसाठी अंगणात भरणाऱ्या या वर्गाचे नाव ‘अंगणवाडी’ पुढे साऱ्या देशाच्या ओळखीचे झाले. मुलाच्या जगण्यातल्या वस्तू आणि वेळा यांच्यापासून शिक्षणाने सुरुवात करावी, हा कोसबादचा धडा होता, आणि पाड्यावरच्या खोलीत चिंचोके मोजणारे मूल आजही तोच धडा गिरवत असते.

आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी किंवा गुरुवारी, विसरण्याची वेळ येते. सोमवारी ज्या मुलाने म आणि भ वेगळे ओळखले होते तेच मूल आता दोन्हींकडे अनोळखी नजरेने पाहते, आणि नवख्या शिक्षकाला सारे श्रम वाया गेल्यासारखे वाटते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्मरणावरील आपल्या प्रयोगांतून दाखवले होते, की विसरलेली गोष्ट पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी श्रम लागतात, म्हणजेच विसरण्यातही काहीतरी मागे उरलेले असते. बुधवारी पुन्हा शिकलेले अक्षर त्यामुळे सोमवारपेक्षा खोल बसते, आणि पुढच्या सोमवारी, रविवारची सुट्टी ओलांडून, ते आणखी थोडे पक्के होते. विसरणे हा शिकण्याचाच एक टप्पा आहे असे एकदा मानले, की वर्गातली धास्ती कमी होते. बाईंचा आवाज खाली येतो, आणि मूल ‘येत नाही’ असे निर्धास्तपणे सांगू शकते. लहान मुलांच्या वर्गातला सगळ्यात मौल्यवान गुण कोणता असे विचारले तर तो हा निर्धास्तपणाच आहे.

शुक्रवारी रेघांचा तास असतो, आणि त्या तासाला या मुलांना कुणी फार शिकवावे लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते, वर्तुळ काढले की डोके किंवा सूर्य होतो, चौकोन काढला की लग्नाचा चौक होतो, हे त्यांनी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठीने काढलेले पाहिलेले असते. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही वारली कला कागदावर आणि जगापुढे आणली, आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे मूल भाषेच्या तासाला मागे असते ते या तासाला पुढे बसते, त्याच्या पाटीभोवती घोळका होतो, आणि त्या दिवशी जाताना त्याने काढलेल्या तारपावाल्याच्या, म्हणजे तारपा हे वाद्य फुंकणाऱ्या माणसाच्या, चित्राखाली बाई त्याच्याकडूनच त्याचे नाव लिहून घेतात. शनिवारची शाळा सकाळची असते. २०२४पासून राज्यात आनंददायी शनिवार हा उपक्रम आल्याने त्या दिवशी दप्तरापेक्षा गोष्टी, खेळ आणि गाणी यांना अधिक जागा मिळते, आणि आठवडाभर ऐकलेले शब्द खेळाच्या गडबडीत मुलांच्या तोंडी नकळत उमटतात.

असा आठवडा सलग मिळणे मात्र पाड्यावर दुर्मीळ असते. जुलैत भाताची आवणी, म्हणजे रोपे उपटून चिखलात लावण्याचे काम, सुरू झाली की धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुले घरी राहतात; दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही शाळेतून निघून जातात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकीची कामे शिक्षकांकडे येऊ शकतात, आणि द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक अशा कामावर गेला की चारही वर्ग एकाच खोलीत येतात. तोच कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवून देतो, आणि २०२१मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता यावे, असे ध्येय ठेवते. दोन्ही उद्दिष्टे योग्य आहेत, परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने काळाचे खरे माप आठवडा हे असते, कारण भेटणे, विसरणे आणि पुन्हा भेटणे हे पूर्ण आवर्तन त्याच्या आवाक्यात तेवढ्याच अवधीत बसते. दोनशे दिवस भरले पण आठवडे तुटत राहिले, तर मूल प्रत्येक वेळी आरंभापाशीच उभे राहते. म्हणून पहिलीच्या वर्गाला शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक देणे, त्या शिक्षकाला इतर कामांपासून शक्य तितके मोकळे ठेवणे, आणि स्थलांतराच्या हंगामात पाड्यावर राहू शकणाऱ्या मुलांसाठी निवासाची सोय वेळेवर उभी करणे, ही प्राथमिक शिक्षणातली पहिली कामे ठरतात. नव्या योजनांची भर घालण्याआधी, आहे तो आठवडा अखंड राखणे हेच या मुलांचे समाजाकडे असलेले सर्वांत मोठे येणे आहे.